आज किती घास?

यांच्या पानात वरण-भात वाढला, की मी मनातल्या मनात घास मोजायला लागायचे. एक, दोन, तीन... पाचव्या घासाला हे ताट बाजूला सरकवायचे. "बस झालं." मी म्हणायचे, "अहो, एकच अजून, माझ्यासाठी." मग यांचा आवाज चढायचा, माझे डोळे भरायचे आणि जेवण तिथंच संपायचं. २९ वर्षांच्या संसारात आम्ही खाण्यावरून कधी भांडलो नव्हतो. हे तर पानात पडेल ते आवडीनं खाणारे, वर मिरगुंडं तळ म्हणून मागे लागणारे!

दोन वर्षांपूर्वी यांचे पाय सुजले, पोट फुगायला लागलं. तपासण्या झाल्या आणि कळलं, लिव्हर सिरॉसिस, तोही बराच पुढे गेलेला. आम्ही बडोद्याला राहतो. इथले शेजारी, तिकडचे पुण्याचे नातेवाईक, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "घेत होते का हो?" यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. फॅटी लिव्हरनंही हे होतं, हे मी प्रत्येकाला समजावून थकले आणि एक दिवस समजावणं सोडून दिलं. समजा घेत असते, तर त्यांची काळजी घ्यायची नव्हती का मी?

पोटात पाणी साठलं की ते जठरावर दाबतं, म्हणून चार घासांतच पोट गच्च वाटतं, हे मला फार उशिरा समजलं. मला तो हट्ट वाटायचा. जिभेची चवही बदलते. यांना पाणीसुद्धा कडवट लागायचं. त्यात वजनकाटा फसवा. आकडा वाढला की मी खूश, पण ते अंगात साठलेलं पाणी होतं. खरं काय ते यांच्या घड्याळानं सांगितलं. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी घड्याळ मनगटावरून घसरत होतं.

यात मीही एक मोठी चूक केली. एका मध्यरात्री हे कपाटासमोर उभे राहून शर्ट शोधत होते, बँकेत जायचंय म्हणून! बोलणं असंबद्ध, हात थरथरत होते. तीन दिवस पोट साफ झालं नव्हतं. अशा वेळी अमोनियासारखी द्रव्यं रक्तात वाढून मेंदूवर परिणाम होतो. दवाखान्यात ठेवावं लागलं, लॅक्टुलोजचं औषध सुरू झालं. घरी आल्यावर एका नातेवाईकांनी फोनवर सांगितलं, "डाळ-दही बंद कर, त्यानंच विष चढतं." मी ऐकलं. पंधरा दिवस यांना नुसती भाताची पेज आणि साबुदाण्याची लापशी दिली. दंड काडीसारखे झाले.

आहारतज्ज्ञ बाईंनी यांचे दंड चाचपून पाहिले आणि माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "प्रथिनं तोडायची नाहीत, उलट वाढवायची." कोरड्या वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे यांना ७० ग्रॅमच्या वर! वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. दोन जेवणांत हे बसणं शक्यच नव्हतं. मग दिवसाचे सहा-सात तुकडे केले. सकाळी यांना त्यातल्या त्यात बरं वाटतं, म्हणून तेव्हाच पनीर घातलेलं मुगाचं धिरडं. अकराला दही, चारला सातूचं पीठ दुधात कालवून. लॅक्टुलोजनं दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होतंय ना, याकडेही माझं लक्ष असतं.

मिठाचा प्रश्न मात्र छळतो. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लहान चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण बंद. बडोद्यात राहून फरसाण बंद! बाजारातलं कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, पण त्यात पोटॅशियम असतं आणि यांच्या पाणी काढणाऱ्या गोळीसोबत ते चालत नाही, म्हणून परत केलं. आता लिंबू, आलं, जिऱ्याची फोडणी, घरचं बिनमिठाचं मेतकूट. तरी एखादा दिवस अगदीच काही उतरत नाही, तेव्हा मी आमटीत चिमूटभर मीठ जास्त घालते. बाईंनीच सांगितलंय, अळणी म्हणून उपाशी राहण्यापेक्षा ते परवडलं.

सर्वांत अवघड गेला तो उपास. हे २० वर्षं संकष्टी करतात, चंद्रोदयापर्यंत पाणी आणि चहा. पण आजारी लिव्हरमध्ये साखरेचा साठा राहत नाही. रात्रभर पोट रिकामं राहिलं तरी शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं, निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखं. म्हणून झोपायच्या आधी काहीतरी पोटात हवंच आणि उपास तर नकोच. हे ऐकून यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. "एवढं एकच माझं उरलं होतं," म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या संकष्टीला यांनी स्वतःच दूर्वा निवडल्या, आरती केली आणि सकाळचं धिरडं खाल्लं. मी त्याविषयी अवाक्षर काढलं नाही.

घास मोजणं मी सोडलंय. निदान मोठ्यानं तरी. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "आई, तू समोर उभी राहून पहारा देतेस, कोणाला जेवण जाईल?" आता मी शेजारी बसते, बोलणं क्रिकेटचं. कधी सात घास जातात, कधी तीनच.

गेल्या संकष्टीला चंद्र उशिरा दिसला. हे गॅलरीत खुर्चीवर बसले होते. साडेदहाला मी दूध आणि राजगिऱ्याचा लाडू नेऊन ठेवला. अर्धा लाडू खाल्ला, उरलेला अर्धा माझ्याकडे सरकवला.

"तू जेवलीस का?"

मी जेवले नव्हते.