आयडलिंगचा स्क्रू

मोटरसायकलच्या कार्बोरेटरला बाहेरून एक छोटा स्क्रू असतो. आमच्या गॅरेजात त्याला आयडलिंगचा स्क्रू म्हणतात. मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन बंद पडू नये, इतपतच हवा-पेट्रोल आत जाऊ द्यायचं, हे त्याचं काम. रोजच्या गाडीत तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण 1,200 ते 1,500 फेरे घेतं. पण हल्ली भाईजानकडे जी पोरं येतात, त्यांना हे फेरे अडीच-तीन हजारांवर हवे असतात. गाडी सिग्नलला नुसती उभी असली तरी कुणी रेस देतंय असं वाटतं.

भाईजान म्हणजे माझा थोरला भाऊ. सोलापुरात विजापूर वेशीजवळचं गॅरेज अब्बांनंतर तोच चालवतो. मी मास्तर माणूस. संध्याकाळी तिथे स्टुलावर बसून चहा पितो आणि ऐकतो. ऐकून ऐकून मला जे कळलं ते असं आहे.

पोरांना गाडी एका चाकावर चालवायची असते. पुढचं चाक उचलणं सोपं, उचललेलं धरून ठेवणं अवघड. गाडी बरोबर तोलावर आली की मूठ जराशी सोडावी लागते. मूठ सोडली की इंजिन मागच्या चाकाला आवळतं आणि पुढचं चाक धपकन खाली येतं. पुन्हा मूठ पिळली तर गाडी एकदम वर. या हिसक्यांतच नवखी पोरं पडतात. आयडलिंग वाढवलं की मूठ सोडल्यावरही इंजिन थोडं ढकलत राहतं, आवळणं कमी होतं. मग पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, गाडी एका चाकावर गोल फिरवता येते. पोरांना हवी असते ती हीच संथ चाल. सुसाट जाणाऱ्याचं त्यांच्यात फारसं कौतुक नाही, याचं मला आधी नवल वाटायचं.

दुसरी गोष्ट दात्यांची. समजा पुढच्या छोट्या स्प्रॉकेटला 15 दाते आहेत आणि मागच्याला 45. म्हणजे पुढचं तीनदा फिरेल तेव्हा मागचं एकदा. मागे 60 दात्यांचं बसवलं तर चारदा फिरावं लागेल. तेवढ्याच इंजिनाकडून मागच्या चाकाला एक तृतीयांश जास्त जोर मिळतो, आणि तितक्याच फेऱ्यांत वेग पाऊणपट होतो. जिथे गाडी 80 ने जायची तिथे 60 ने जाईल. चेनही साधारण आठ कड्यांनी वाढवावी लागते. ज्यांच्या खिशात एवढे पैसे नसतात ते पुढचा एक दाता कमी करतात. 15 चं 14 केलं की मागे तीन दाते वाढवल्यासारखाच हिशेब येतो. स्वस्तात काम होतं, पण छोट्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते.

भाईजान हे सगळं पोरांना समजावून सांगतो, खडूने फरशीवर आकडेही मांडतो. शाळेत गणिताला पळणारी पोरं उकिडवी बसून भागाकार करतात. मला हेवा वाटतो, खरं सांगतो.

पण स्क्रूला हात लावण्याआधी तो मागच्या ब्रेककडे बघतो. तोलाच्या पलीकडे गेलेली गाडी मुठीने परत येत नाही, मागच्या ब्रेकनेच येते. दहातल्या सात गाड्यांचा मागचा ब्रेक ढिला असतो, लायनर गुळगुळीत झालेलं असतं. शिवाय वाढवलेल्या आयडलिंगची गाडी रस्त्यावर आणली तर मूठ सोडूनही ती पुढे ढकलत राहते. गल्लीतून पोर आडवं आलं की तेवढी दोन हात जागा कुठून आणणार? आणि बराच वेळ गाडी उभी धरली की इंजिनातलं तेल मागे सरकतं, पंपाला ते मिळेनासं होतं. सोलापूरच्या उन्हात, वारा न लागणारं इंजिन तेलाविना किती टिकेल, हे सांगायला मेकॅनिक कशाला हवा.

आता शब-ए-बरातबद्दल. त्या रात्री मुंबईत पोलिसांना जागोजागी नाकाबंदी लावावी लागते, आधीपासून मौलाना लोक मशिदींतून सांगत असतात की पोरांना गाड्या देऊ नका. इबादतीची, कब्रस्तानात जाऊन दुवा मागायची रात्र. त्या रात्री एकेका गाडीवर तिघं बसून चाक उचलतात, याचा मला मनापासून संताप येतो. 31 डिसेंबरला आणि पुढाऱ्यांच्या रॅलीत हेच करणारी पोरं फक्त ‘तरुणाई’ असतात आणि आमची मात्र ‘समाजाची’ होतात, याचाही येतो. एक संताप दुसऱ्याने फिटत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदा कडक आहे. गाडीत बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये आणि तीन वर्षांपर्यंतची कैद. सोळा वर्षांचं पोर गॅरेजात आलं की भाईजान आधी बापाला फोन लावतो.

यंदा आला तो आमचाच भाचा. वय एकोणीस, आपाचा एकुलता एक मुलगा. कॉलेजला जायची गाडी, तिचा हप्ता आपा शिवणकामातून भरते. “मामू, स्प्रॉकेट मी आणलंय, तुम्ही फक्त बसवा.” भाईजान नाही म्हणाला. पोरगा उठून चालू लागला. दोन गल्ल्या सोडून दुसरं गॅरेज होतंच. तिथे जुन्या स्प्रॉकेटला वेल्डिंग करून दाते वाढवून देतात, हे भाईजानने स्वतः पाहिलेलं. त्याने पोराला हाक मारली.

त्याने काय केलं, तर भंगारातली दीडशे सीसीची जुनी कार्बोरेटरवाली गाडी बाहेर काढली. तिला मागे मोठं स्प्रॉकेट बसवलं, आयडलिंग वाढवलं, मागच्या ब्रेकला नवे लायनर टाकले, गाडी उलटू नये म्हणून मागे लोखंडी दांडा जोडला. हेडलाइट आणि नंबरप्लेट काढून ठेवली. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, छोट्या हत्तीत घालून न्यायची. होटगी रोडच्या पलीकडे ओळखीच्या माणसाची मोकळी जागा आहे, तिथे रविवारी सकाळी हेल्मेट आणि गुडघ्यांचे गार्ड घालून जे करायचं ते करायचं. कॉलेजच्या गाडीची किल्ली त्या वेळी भाईजानच्या खिशात.

पहिले तीन रविवार भाच्याने फक्त ब्रेक शिकला. चाक वीतभर उचलायचं, ब्रेक दाबून खाली आणायचं. पुन्हा उचलायचं. मी सावलीत बसून मोजत होतो, साठ-सत्तर वेळा झालं असेल. चौथ्या रविवारी त्याने गाडी चार-पाच सेकंद वर धरली. उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, आणि भाईजानचेही.

माझं मत विचाराल तर भाईजानचं बरोबर आहे. आपाला ते पटलेलं नाही. तिचं म्हणणं सरळ आहे: भावाने नाही म्हटल्यावर पोरगा रुसला असता, दुसरीकडे गेला असता, मी त्याला घरात कोंडलं असतं, पण माझ्या भावाने स्वतःच्या हाताने त्याला असली गाडी बनवून द्यायची? भाईजान यावर काही बोलत नाही. ईदला तिने डब्यात शिरखुर्मा पाठवला, स्वतः आली नाही. डबा परत द्यायला मी जाणार आहे.