खिशातला दगड

प्रवास म्हटला की आपल्याला महाबळेश्वर, गोवा नाहीतर थेट परदेश आठवतो. घराजवळचं मात्र राहूनच जातं! आमचंही तसंच झालं होतं. बुलढाण्यात राहून आमच्या चिरंजीवांनी लोणार पाहिलं नव्हतं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आजीने फर्मान काढलं, "यंदा आपलाच जिल्हा पाहायचा."

भल्या पहाटे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा कॅन गाडीत टाकून निघालो. चिखली मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची तूर आणि पांढराशुभ्र फुटलेला कापूस! मेहकरला पैनगंगा लागली. तिथल्या बालाजी मंदिरातली काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून मिळाली. तिचं दर्शन घेऊन आम्ही लोणारचा रस्ता धरला.

लोणारच्या काठावर उभं राहिलो आणि सगळेच गप्प झालो. समोर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा एक प्रचंड वाडगा, भोवती झाडी आणि तळाशी हिरवट पाणी! गंमत म्हणजे वर काठाजवळच्या गोमुखातून गोड पाणी वाहतं आणि खाली सरोवर मात्र खारट. २०२० च्या जूनमध्ये तर हे पाणी चक्क गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत.

"एवढा खड्डा कुणी खणला?" चिरंजीवांनी विचारलं.

"लोणासुर नावाचा राक्षस इथे राहायचा म्हणे. विष्णूने त्याला मारलं," आजी म्हणाली. गावातलं सुंदर कोरीव दैत्यसूदन मंदिर त्याच विष्णूचं.

शास्त्रज्ञांची गोष्ट वेगळी. पुष्कळ वर्षं त्यांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटायचं. मग इथल्या दगडांत एक खास प्रकारची काच सापडली. तिचं नाव मास्केलिनाइट. जबरदस्त धक्का बसल्याशिवाय ती तयार होत नाही. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि आकाशातून आलेल्या उल्केनेच हे विवर केलं, याचा भक्कम पुरावा मिळाला.

"म्हणजे दगडांनी साक्ष दिली!" ताई म्हणाली.

थोडं खाली उतरून आम्ही पुन्हा वर आलो. झाडांवर वानरं होती, कुठेतरी मोर ओरडत होता. चिरंजीव मात्र सारखे मागे रेंगाळत होते. तेव्हा काही लक्षात आलं नाही.

दुपारी सिंदखेड राजाला पोहोचलो. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचं ते भव्य प्रवेशद्वार! १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथेच झाला. आजीने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. पुढे लखुजीरावांची घुमटाची प्रचंड समाधी पाहिली. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, मुलांसह त्यांची हत्या झाली. याच समाधीच्या परिसरात २०२४ साली पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली.

"इतकी वर्षं ती कुणी नेली कशी नाही?" ताईने विचारलं.

"मातीखाली होती म्हणून वाचली गं. वर असती तर लोकांनी तुकडा तुकडा करून नेली असती," आजी सहज बोलून गेली.

चिरंजीवांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी हळूच खिशातून लिंबाएवढा काळा दगड काढला.

"बाबा, हा लोणारचा आहे. वर्गात दाखवायला घेतला होता. ह्याच्यात ती काच असेल तर?"

मी घड्याळ पाहिलं. चार वाजत आले होते. देऊळगावराजावरून घरची वाट सरळ होती आणि लोणार मागे पन्नासेक किलोमीटर. "एवढ्याशा दगडासाठी?" असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रोज शंभर मुलांनी एकेक 'एवढासा' दगड नेला तर?

मी गाडी वळवली. कुणी कुरकुर केली नाही. आजीने तर उरलेली दशमी चिरंजीवांच्या हातात दिली.

पोहोचलो तेव्हा सूर्य पलीकडच्या काठाला टेकला होता. खाली उतरायची वेळ संपली होती. पहाऱ्यावरच्या काकांना चिरंजीवांनी चाचरत सगळं सांगितलं. काका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दगड हातात घेतला आणि विचारलं, "नक्की कुठून उचललास?"

"पायवाटेच्या डाव्या बाजूला, वाकडं झाड आहे ना, तिथून."

"बरं. उद्या सकाळी तिथेच ठेवतो."

घरी पोहोचायला रात्र झाली. चिरंजीव मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर गाढ झोपले होते. खिसा रिकामा होता. सुट्टीनंतर वर्गात त्यांनी दगड दाखवला नाही, फक्त त्याची गोष्ट सांगितली. आता म्हणे, अख्ख्या वर्गाला लोणारला जायचंय!