हिमेजीचा पांढरा किल्ला

हिमेजीच्या स्थानकाबाहेर पाऊल टाकले, की रुंद, सरळ रस्त्याच्या टोकाशी तो दिसतो. पांढराशुभ्र, पंख पसरून उडण्याच्या बेतात असलेल्या बगळ्यासारखा! जपानी लोक त्याला श्वेत बगळ्याचा किल्लाच म्हणतात. सह्याद्रीचे काळेकभिन्न गड पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना हा किल्ला वाटेचना. एवढा नाजूक किल्ला लढणार तरी कसा?

आत शिरलो आणि भ्रम फिटला. माथा समोर दिसत असतो आणि वाट मात्र आपल्याला भलतीकडेच नेत असते! भिंतींत त्रिकोणी, चौकोनी, वाटोळ्या जंग्या; त्यांतून शत्रूवर बाण आणि गोळ्या सोडायच्या. पण बालेकिल्ल्याचा सारा सांगाडा लाकडाचा, आणि लाकडाचे वैर आगीशी. म्हणून इकेदा तेरुमासा या सरदाराने १६०९ साली तो बांधून पुरा केला, तेव्हा भिंतींना चुन्याचा जाड गिलावा दिला. ज्या शुभ्रतेवर मी भाळलो होतो, ते त्याचे चिलखत होते.

वाटेत तटाच्या एका दगडावर तारेची जाळी बसवलेली दिसली. तो जात्याचा दगड होता! १५८० च्या सुमारास हिदेयोशी येथे आधीचा किल्ला बांधीत असताना दगड कमी पडले. तेव्हा तांदळाचे उंडे विकून पोट भरणाऱ्या एका म्हातारीने आपले जाते देऊन टाकले, अशी आख्यायिका आहे. ते ऐकून इतर लोकही दगड घेऊन आले म्हणे. खरेखोटे कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीने दळण कशावर दळले असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

जोडे काढून पिशवीत घातले आणि उभे, अंधारे जिने चढून मी सर्वांत वरच्या मजल्यावर आलो. १९४५ च्या ३ जुलैच्या रात्री अमेरिकी विमानांनी या शहरावर आगीचे बॉम्ब टाकले. शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून त्या काळी किल्ल्यावर काळी जाळी पांघरली होती. तरीही एक बॉम्ब याच मजल्यावर येऊन पडला. तो फुटला नाही. खाली शहर मात्र रात्रभर जळत राहिले.

मी खिडकीतून पाहिले. स्थानकापर्यंत पसरलेली घरेदुकाने नवी दिसत होती. त्यांत एखादे जुने कौलारू छप्पर आढळते का, म्हणून मी बराच वेळ शोधीत राहिलो. तेवढ्यात शाळकरी मुलांची एक रांग किलबिलत वर आली. त्यांना खिडकी मोकळी करून देण्यासाठी मी बाजूला सरलो.