पथकर, जकात आणि बळी

इंग्रजीतील 'टोल' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस प्रथम भेटतो तो मोटारीच्या खिडकीतून. आग्रा रस्त्याने पिंपळगावाकडे अथवा घोटीकडे जाताना नाका लागतो, पैसे भरावे लागतात, आणि मग वाट मोकळी होते. पुढे इंग्रजी वर्तमानपत्र वाचू लागल्यावर तोच शब्द त्यांस भूकंपाच्या व अपघाताच्या बातमीत मृतांच्या आकड्याजवळ आढळतो. "सर, मेलेल्यांनी कोणता कर भरला?" असे नववीतील एका मुलाने मला विचारले. प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र तासाभरात आटोपण्यासारखे नव्हते.

या शब्दाचे मूळ बहुधा जकातीच्या चौकीस असलेल्या ग्रीक नावात आहे. तसल्याच चौकीवर बसलेल्या मत्तयाची हकीकत शुभवर्तमानात येते, व मराठी पवित्र शास्त्रात त्यास 'जकातदार' म्हटले आहे. हा 'जकात' शब्दही मौजेचा. अरबीत तो धर्मदायाचा वाचक. आपल्याकडे येता येता दान गळाले आणि वसुली राहिली! (घंटेचा टोल मात्र निराळ्या मुळाचा दिसतो, तेव्हा नारोशंकराच्या घंटेकडे बोट दाखविणारांची येथे निराशा होईल.)

परंतु करावरून प्राणहानीकडे जाणारी वाट एकट्या इंग्रजांनीच तुडविली आहे असे नाही. "अपघातात चार बळी" असे आपण नित्य वाचतो. बलि म्हणजे देवास केलेले अर्पण, हे सर्वांस ठाऊक आहे. पण प्राचीन काळी राजास द्यावयाचा करही 'बलि'च होता. लुंबिनी हे बुद्धाचे जन्मस्थान म्हणून त्या गावास अशोकाने हा बलि माफ केल्याचे तेथील स्तंभावर कोरलेले आहे. म्हणजे कर, नैवेद्य आणि मेलेला माणूस या तिहींस आपणही एकाच शब्दात बसविले.

ही सोय मला खटकते. कर भरणारास वाट मिळते. अर्पण करणाराच्या मनात काही हेतू असतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभमेळ्याच्या पर्वणीस आपल्या नाशकात, गोदावरीकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. ती स्नानास निघाली होती. त्यांनी कोणास काय दिले? त्यांस 'बळी' म्हटले की कोणी घेणारा होता व काही देणे होते असा भास होतो. आणि वाट अरुंद का, गर्दी कोणी आवरावयाची होती, हे प्रश्न मागे पडतात. माझ्या वर्गात म्हणून 'मृत' असेच लिहावयाचे असते. निबंध थोडा रुक्ष होतो, होवो.

वाटेच्या कराविषयी नाशकाजवळ याहून सुखद अशी एक साक्ष आहे. नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पांडवलेण्यांत आपल्या दानांची यादी कोरविली. तीत गाई आहेत, गावे आहेत. आणि तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर लोकांस विनामूल्य पैलतीरी नेणाऱ्या नावाही आहेत. उताऱ्याचे देणे त्याने आपल्या अंगावर घेतले. दहाव्या लेण्याच्या ओसरीत, मागील भिंतीवर छताखाली, तो लेख आहे. सहलीस जाल तेव्हा मान वर करून पाहा.