वडिलांचा हुद्दा

पनवेलजवळ, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खाजगी क्लबाचा अर्ज गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर आला. आणणारे गृहस्थ माझे जुने क्लायंट. खडी-सिमेंटचा धंदा, माणूस दिलदार. ‘‘सर, प्रस्तावक मी आहेच, अनुमोदकही बघून ठेवलाय. तुम्ही फक्त सही करा,’’ म्हणाले. त्यांना मनापासून वाटत होतं की मी आत असावं.

मी सीए. आधी आकडे पाहिले. प्रवेश शुल्क 5 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 90 हजार. वार्षिक वर्गणी वेगळी. दर तिमाहीला खाण्यापिण्यावर ठरावीक किमान खर्च. केला नाहीत तरी बिलात लागणार. सोडून गेलात तर पैसे परत नाहीत, सभासदत्व दुसऱ्याला विकता येत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि 21 वर्षांखालची मुलं. आईवडील त्यात येत नाहीत. त्यांना आणायचं तर पाहुणे म्हणून, दर खेपेला पैसे भरून.

अर्जाच्या मागच्या पानावर दुसऱ्या कुठल्या क्लबाचे सभासद आहात, मुलं कुठल्या शाळेत, उत्पन्नाचा गट कोणता, हे सगळं होतं. आणि एक रकाना होता: वडिलांचा व्यवसाय व हुद्दा. मी पन्नाशीकडे झुकलोय, माझं ऑफिस आहे, माझ्या सहीवर बँका कर्ज देतात. माझ्या वडिलांचा हुद्दा यांना कशाला हवा, हे मला तेव्हा कळेना आणि अजूनही पटत नाही.

माझे वडील रसायनीच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. पस्तीस वर्षं पाळ्या केल्या. कॉलनीत अधिकाऱ्यांचा क्लब वेगळा होता. टेबल टेनिसचं टेबल तिथेच. आम्ही मुलं तारेच्या कुंपणापाशी उभं राहून ठकठक ऐकायचो. वडिलांनी त्याबद्दल कधी कडवट शब्द काढला नाही. ग्रेड वाढली की आत जाता येईल, असं ते आईला सांगायचे. ग्रेड वाढली, पण तेवढी नाही.

क्लबाच्या सभासदत्वाला सरसकट नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही, कारण ती गरज मी रोज पाहतो. पनवेलची नगरपालिका 1852 सालची. गाव जुनं, सगळे एकमेकांना ओळखणारे. आता 2016 पासून महापालिका आहे, अटल सेतू झाला, विमानतळ झाला, आणि टॉवरमध्ये शेजारी कोण राहतो ते माहीत नसतं. अशा ठिकाणी आपला वकील कोण, आपला सीए कोण, हे माणसं रविवारी तरणतलावाच्या काठावर ठरवतात. माझ्याच पेशातल्या दोघांना तिथून मोठी ऑडिटं मिळालेली मला माहीत आहेत. 5 लाख 90 हजार ही रक्कम पोहण्यासाठी कुणी देत नाही. ती ओळखीची किंमत आहे, आणि धंद्याचा हिशेब केला तर ती दोन-तीन वर्षांत सुटतेही.

कायद्यानेसुद्धा क्लब आणि सभासद यांना फार काळ एकच मानलं. सभासदांचा क्लब म्हणजे सभासदच, आणि कुणी स्वतःच स्वतःला माल विकत नाही. म्हणून क्लबाने सभासदाला दिलेल्या जेवणावर विक्रीकर लागू नये, असं तत्त्व. कलकत्ता क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ते उचलून धरलं. मग 2021 च्या वित्त कायद्याने जीएसटीत दुरुस्ती झाली आणि क्लब व सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती ठरल्या, तेही 1 जुलै 2017 पासून मागच्या तारखेने. ऑफिसमध्ये मी हे मुलांना शिकवतो. करापुरती ती दुरुस्ती झाली खरी. मनाने क्लब आणि सभासद आजही एकच असतात, आणि बाहेरचा तो बाहेरचाच.

अर्ज भरण्याआधी बघून या म्हणून क्लायंटनी आम्हाला एका रविवारी जेवायला बोलावलं. बायको, मुलगी आणि आईवडील, सगळेच गेलो. आवार सुंदर होतं. हिरवळ नीट कापलेली, पाणी निळंशार. मुलगी तासभर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. इतकी खूश मी तिला फार दिवसांनी पाहिली. मग जेवायला आत निघालो, तेव्हा दारातल्या व्यवस्थापकाने वडिलांच्या पायांकडे पाहिलं. वडिलांना मधुमेह आहे. अंगठ्याला जखम होऊन गेल्यापासून ते डॉक्टरांनी सांगितलेली मऊ चप्पल घालतात. व्यवस्थापक अगदी नम्र होता. म्हणाला, ‘‘काका, आतमध्ये बूट लागतात. आमच्याकडे पाहुण्यांसाठी जोड ठेवलेले असतात, तुमच्या मापाचा काढून देतो.’’ खरोखरच एक कपाट होतं, त्यात ओळीने काळे बूट.

क्लायंट लाजेने लाल झाले. वडील म्हणाले, ‘‘तुम्ही जेवा, मी बाहेर बसतो. हवा चांगली आहे.’’ आम्ही सगळेच बाहेर व्हरांड्यात बसलो. तिथे चप्पल चालते. जेवण तेच होतं, वाढणारेही तेच. पण माझा घास घशाखाली उतरेना.

असे नियम आपल्याकडे जुने आहेत. 1988 साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबात एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून प्रवेश नाकारला होता. चेन्नईत 2014 साली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर नेसल्याबद्दल एका क्लबाच्या दारातून परत पाठवलं, तेव्हा तमिळनाडूने त्याच वर्षी अशा बंदीविरुद्ध कायदाच केला. त्याच्याही मागे गेलं की पुण्यात दलित क्रिकेटपटू पाळवणकर बाळू भेटतात. पूना क्लबच्या मैदानावर काम करायचे, साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करायचे. पुढे हिंदू संघातून खेळायला लागले तरी चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. एवढा मोठा गोलंदाज आणि त्याला तो चहा. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले ते 1923 साली. गोऱ्यांनी बाँबे जिमखाना 1875 मध्ये काढला आणि आपल्याला बाहेर ठेवलं, म्हणून पारशी, हिंदू, मुस्लिम जिमखाने मरीन लाइन्सला ओळीने उभे राहिले. आणि बाहेर ठेवल्याचं दुःख माहीत असलेल्यांनीही आपापल्या दाराला कडी लावली. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

खारघरला सिडकोने 2012 साली गोल्फचं मैदान खुलं केलं. मी एकदा ते बघायला गेलो होतो. तिथे वडिलांचा हुद्दा कुणी विचारत नाही. शुल्क भरायचं आणि खेळायचं. ते शुल्क सगळ्यांना परवडतं असं मी म्हणणार नाही, आणि ज्यांच्या शेतजमिनी गेल्या त्या गावांतली किती मुलं तिथे खेळतात हाही प्रश्न उरतोच. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मोबदल्यासाठीच्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. या भागात कुंपण घालताना ते आठवायला हवं. निदान दारावर पैशाखेरीज दुसरी अट नको.

घरी आल्यावर वडील म्हणाले, ‘‘अर्ज भर. तुझ्या धंद्याला उपयोगी आहे. माझं काय, मी थोडाच रोज येणार आहे?’’ आई काही बोलली नाही. बायको म्हणाली, मुलीला पोहायला दुसरीकडे घालू. दोन दिवस मी त्या रकान्याकडे बघत बसलो. ‘ऑपरेटर’ लिहायला मला कसलीच लाज नव्हती. पण समितीतल्या कुणीतरी तो शब्द वाचून माझी पात्रता जोखावी, हे मला सहन होणार नव्हतं.

अर्ज कोराच परत दिला आणि कारणही स्पष्ट सांगितलं. क्लायंट बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘सर, काकांची चप्पल मला त्या दिवसापासून झोपू देत नाही. पण माझी तिथे बरीच येणी अडकलीत, मी सोडू शकत नाही.’’ मी म्हटलं, तुम्ही सोडावं असं माझं म्हणणंच नाही. एप्रिलमध्ये त्यांच्या दोन भागीदारांनी आपली ऑडिटं माझ्याकडून काढून तिथल्याच एका सभासदाला दिली. त्यांचं स्वतःचं काम अजून माझ्याकडे आहे.