दोर धरेल त्याला वाटा

मालवण,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय वहिनी,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ताई, नाताळच्या सुट्टीत आठ दिवस मुलांना घेऊन येते, पण तिकडे त्यांना दाखवायला काय काय आहे?" मी घाईत किल्ला, तारकर्ली, डॉल्फिन अशी चार नावं सांगून टाकली. फोन ठेवला आणि चुटपुट लागली. खरं सांगायचं ते राहूनच गेलं होतं. म्हणून आज सगळी निजल्यावर लिहायला बसले आहे. दादालाही वाचून दाखवा.

वहिनी, मुलांना इथे काही दाखवायला आणू नका. कामाला लावायला आणा.

लग्न होऊन मी इथे आले त्याला चौदा वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. घाटावरच्या लोणी देवकरच्या मुलीने समुद्र तरी कधी पाहिलेला? मी कोरड्या वाळूत पदर सावरून उभी राहिले. होडी जाळं सोडत सोडत लांबवर अर्धगोल फिरून पुन्हा काठाला लागली होती. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आले होते आणि दोन्ही दोरांना माणसांची रांग लागली होती. म्हातारे होते, शाळकरी पोरं होती, बायका होत्या. सगळी एका दमात मागे रेलत होती. सासूबाई रांगेत होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडल्या, "बघतंस काय? दोर धर!"

मी धरला. ओला दोर तळहात सोलून काढतो. टाचेखालची वाळू सरकते, जोर कुठे लावायचा तेच कळत नाही. थोड्या वेळाने पुढच्या माणसाच्या पाठीवरून कळायला लागलं. ती पाठ मागे आली की आपणही मागे जायचं. बऱ्याच वेळाने जाळ्याचा पोटाचा भाग उथळ पाण्यात आला आणि ते पाणी आधण आल्यासारखं खळबळायला लागलं, चांदीसारखं चमकायला लागलं. मग वाटे झाले. रापणीच्या मालकांचे ठरलेले भाग निघाले आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात काही ना काही पडलं. माझ्या पुढ्यात चार बांगडे आणि मूठभर तारली. मला मासा साफ कसा करतात हेही ठाऊक नव्हतं, तरी सासूबाईंनी ते माझ्याच ओंजळीत घातले. म्हणाल्या, "तुझो वाटो." अंगावर अक्षता पडल्या तेव्हा मी त्यांच्या घरची झाले होते. गावची झाले ती त्या सकाळी.

आता रापणी कमी झाल्यात. पर्ससीनच्या यांत्रिक जाळ्यांनी किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडून नेली असं रापणकर सांगतात, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं भांडतायत. तरी रापण लागते अजून. तुमच्या दोघा मुलांना मी पहाटे उठवून तिथे नेणार. हात सोलले तर खोबरेल लावू.

तुम्ही याल तेव्हा जत्रांचा हंगाम भरात असेल. कार्तिकात सुरू होतो तो वैशाखापर्यंत चालतो. रोज कुठल्या ना कुठल्या गावची जत्रा, आणि जत्रा म्हटली की दशावतार. इथले लोक त्याला धयकालो म्हणतात, कारण रात्रभर नाटक होऊन पहाटे दहीहंडी फुटली की खेळ संपतो. देवळासमोर मांडव, मांडवात एक लाकडी बाकडं. तेच इंद्राचं सिंहासन आणि तेच रानातला खडक. कडेला पायपेटी, पखवाज, झांज. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते. मग काळ्या वेषातला, लाल जिभेचा संकासुर आरडत येतो आणि आईच्या मांडीवर पेंगणारी पोरं खडबडून उठून बसतात. त्यानंतर मुख्य आख्यान, ते उजाडेपर्यंत.

माझा जीव रमतो तो मांडवाच्या मागे. एकदा लेकीला घेऊन तिथे गेले होते. जुन्या साड्यांचा आडोसा, आत एक पेटारा, त्यावर एकच बल्ब. एक गृहस्थ मांडी घालून बसले होते, वय पन्नाशीच्या पुढचं. दिवसा काजूच्या बागेत राबणारा माणूस. तळहातावर रंग कालवून ते स्वतःचं तोंड स्वतःच रंगवत होते. आरसा पेटाऱ्याला टेकवलेला, पण सारखा घसरत होता. त्यांनी लेकीला हाक मारली, "गो बाय, धर जरा." ती अर्धा तास आरसा धरून उभी होती, हलली नाही. तिच्या डोळ्यांदेखत भुवया कोरल्या गेल्या, कुंकू लागलं, नऊवारीच्या निऱ्या पडल्या, अंबाड्यावर गजरा चढला, आणि ते उठून उभे राहिले तेव्हा त्यांची मानसुद्धा बाईची झाली होती. पुढे रात्रभर लेक डोळ्याला डोळा न लावता बसली. आख्यानातली राणी तिची होती. तिने आरसा धरला होता.

या खेळाला लिहिलेली संहिता नसते, वहिनी. आज कुठलं आख्यान लावायचं, कोणी काय करायचं, हे त्याच संध्याकाळी ठरतं. संवाद बाकड्यापुढे उभं राहिल्यावर सुचतात. घरात ऐकलेली पुराणं आणि थोरांच्या मागे उभं राहून काढलेल्या शेकडो रात्री, एवढीच त्यांची शिदोरी. समर्थांच्या दासबोधातही दशावतारी खेळाचा उल्लेख आहे आणि त्यातल्या सुंदर नारी म्हणजे मुळात पुरुषच, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही कुणीतरी असंच आडोशाला बसून निऱ्या घातल्या असणार, आणि कुणीतरी त्याला उजेड धरला असणार.

गावकरी तरी नुसते बघे कुठे असतात? पालखीला खांदा एका घराचा, दिवटी दुसऱ्याची, हंडी बांधायची तिसऱ्याने, नाटकवाल्यांचं जेवण चौथ्याकडे. मान म्हणतात त्याला. ऐकायला मोठेपणाचा शब्द, पण मान म्हणजे काम. आमच्याच तालुक्यातल्या मसुऱ्याला आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. लाखांनी माणसं लोटतात. पण त्या दिवशीचा प्रसाद आंगणे घराण्यातल्या बायका रांधतात, तोही एक शब्द न बोलता. एवढी गर्दी, एवढे भोंगे, आणि मध्ये चुलीपाशी त्या गप्प बायका. मला ती जत्रा त्या चुलीपाशीच असते असं वाटतं.

एक दिवस कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊ. तिथला ठाकर समाज चित्रकथी सांगतो. रामायण-महाभारतातल्या गोष्टींची चित्रं कागदावर काढलेली, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एकेक चित्र समोर धरायचं आणि गाऊन कथा पुढे न्यायची. सोबत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. सावंतवाडी संस्थानाने कधीकाळी या कलेला आसरा दिला. पुढे तो गेला, आणि कला पेटाऱ्यात बंद व्हायची वेळ आली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच तिचं संग्रहालय उभं केलं आणि मुलांनाही त्यात घातलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार मोठाच, पण मला मोठा वाटतो तो गोठा. तुमच्या धाकट्याला तिथे बाहुलीचे दोरे हातात घेऊ द्या. बाहुलीला नमस्कार करायला लावणं किती अवघड असतं ते त्याच्या बोटांना कळू दे.

हे वाचून तुम्ही म्हणाल, ताईंच्या गावाला समुद्र आहे, जत्रा आहेत. आपल्याकडे काय आहे? मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते. पण आषाढात काटेवाडीला उभं राहून पाहा. तुकोबांची पालखी येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात. मेंढपाळ आपली मेंढरं पालखीभोवती पळवतात, त्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला अश्वांचं रिंगण, सराटीला पादुकांना नीरास्नान. ज्याचा जो धंदा तोच त्याने देवापुढे मांडला. कपडे धुणाऱ्याने धोतर अंथरलं, मेंढरं राखणाऱ्याने मेंढरं आणली. रापणीत आणि यात मला काही फरक दिसत नाही.

आणि वहिनी, किनारा तर आपल्यालाही आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि पाणी आपल्या उशापर्यंत आलं. कोकणच्या किनाऱ्याला जत्रा, मान, गजाली जमवायला शेकडो वर्षं मिळाली. आपला काठ जेमतेम चार-पाच दशकांचा, आणि तो तयार झाला तोच गावं बुडवून. आजीचं माहेर जुन्या पळसदेवचं. ती त्या पाण्याकडे तोंड करून कधी बसली नाही, आठवतं ना? काठ कसा वापरायचा हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही. मोटारी टाकल्या, ऊस भिजवला, आणि पाण्याकडे पाठ केली.

तरी त्या काठावर एक गोष्ट रुजली आहे. कुंभारगाव-भिगवणकडचे मच्छीमार ज्या होडीतून चिलापी पकडतात, त्याच होडीतून हिवाळ्यात लोकांना रोहित पक्षी दाखवतात. चित्रबलाक कुठला, हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब कुठला, त्यांना लांबून कळतं. थव्याच्या किती जवळ जायचं, होडी कुठे थांबवायची, वारा कुठून हवा, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने सांगितलं? जाळी टाकता टाकता नजर तयार झाली. काजूच्या बागेतल्या माणसाने राणी व्हावं, तसंच हे आहे. पुण्याहून गाड्या येतात, फोटो काढून जातात. आपली पोरं मात्र अर्ध्या तासावर राहून त्या पाण्यावर गेलेली नाहीत.

म्हणून माझं एक मागणं आहे. इथून परत गेलात की मुलांना त्या होडीवर न्या, आणि एकदा नेऊन सोडून देऊ नका. थोरलीला दहा पक्षी ओळखता यायला हवेत, अशा बेताने न्या. माघात मी येईन. तेव्हा मला ती दाखवेल, तुम्ही-आम्ही गप्प बसायचं. आणि उन्हाळ्यात पाणी उतरून पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, तर लोक बघायला जातात तेव्हा आपण खराटा, तेल-वात आणि पाण्याची कळशी घेऊन जाऊ. धाकट्याला पायरी झाडू दे. त्याच्या पणजीच्या गावातलं देऊळ आहे ते. तिच्या माहेरी तेवढा तरी मान आपल्या घराकडे असावा.

येताना फोंडा घाटाने या, गगनबावड्याकडून मुलांना गाडी लागते. शेंगदाण्याची चटणी आणा, हुरडा निघाला असेल तर तोही. इथल्या जत्रेतलं गुळाचं खाजं मी घेऊन ठेवते. मुलांचे जुने कपडे घ्या, भिजले-मळले तरी चालतील असे. आणि दोघांनाही आपापली पिशवी बरोबर घ्यायला सांगा. रापणीचा वाटा ज्याचा त्याने घरी न्यायचा असतो.

दादाला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची नणंद,
मुलांची आत्या