पंख्याची घरघर

उन्हाळ्याशी खानदेशी माणसाचा फार जुना करार आहे. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर चढला, की दुपारी दारे लावून घ्यायची, माठात वाळा टाकायचा आणि कामे पहाटेवर ढकलायची. हा करार बिचाऱ्या लॅपटॉपला ठाऊक नसतो. जळगावच्या दुपारी तो उघडावा, तर थोड्याच वेळात त्याच्या पोटातला इवलासा पंखा असा काही घोंगावू लागतो, की शेजारी कोणी पिठाची गिरणी सुरू केली की काय, असे वाटावे!

एरवी मी हा आवाज मनावर घेत नाही. उत्तरपत्रिकांचे गुण भरताना थोडी घरघर असली म्हणून काय बिघडते? पण गेल्या उन्हाळ्यात धुळ्याच्या माझ्या मावशीच्या अहिराणी ओव्या टिपून घ्यायला बसलो आणि प्रश्न निराळा झाला. मावशीने ऐंशी ओलांडली आहे. मोबाइल समोर धरला, की ती फोटोसाठी पदर सावरते आणि तोंड मिटून बसते. मांडीवर काहीतरी घेऊन लिहिणारा माणूस मात्र तिच्या परिचयाचा. म्हणून लॅपटॉपवरच ध्वनिमुद्रण करायचे ठरवले. पण ऐकून पाहतो तो तिच्या थकलेल्या आवाजावर पंखा स्वार झालेला! "हाई काय म्हनी ऱ्हायनं रे, भाऊ?" मावशीने विचारले.

तुम्ही म्हणाल, चार ओव्यांचे एवढे काय? पण बहिणाबाई चौधरींची गाणी आज घराघरांत आहेत, ती सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती वेळीच कागदावर उतरवून ठेवली म्हणून. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुस्तक निघाले १९५२ साली. पेन्सिलीला पंखा नसतो, हे त्या दोघा भावांचे भाग्यच म्हणायचे!

महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने सांगितले, की पंख्याला लगाम घालणारी सॉफ्टवेअरे असतात. 'नोटबुक फॅनकंट्रोल' हे त्यांतलेच एक, तेही फुकट. पंख्याचा कारभार एका लहानशा चिपकडे असतो. प्रोसेसर किती तापला ते पाहून ती पंख्याला पायरीपायरीने पळवते. सॉफ्टवेअर या पायऱ्या आपल्या हाती देते. मात्र उतरण्याची पायरी चढण्याच्या पायरीहून थोडी खाली ठेवायची. नाही तर पंखा एकाच अंशावर सारखा चढउतार करीत बसतो. शिवाय आपल्याच मॉडेलची फाइल निवडायची, भलत्याची नव्हे.

हा सौदा वरवर पाहता फायद्याचा आहे. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते. आवाज मात्र १५ डेसिबलच्या आसपास उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्माच भासतो.

पण उष्णता काही सॉफ्टवेअरचे ऐकत नाही. पंखा आत घेतो ती खोलीतलीच हवा. खोलीत ४० अंश असतील, तर प्रोसेसर त्याखाली उतरणार कसा? फारच तापला तर तो आपणहून मंदावतो, आणि त्याही पुढे गेले तर यंत्र बंद पडते. म्हणून सहकाऱ्याने आणखी एक उपाय सुचवला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ७० वर आणायची. जो कमी राबेल, तो कमी तापेल! एवढे केल्यावर पंखा बराच नरमला. पण धुळ्याच्या दुपारी पुरता गप्प काही बसेना.

तिसरा उपाय मावशीचा. ती म्हणाली, "पहाटे ऊठ." पहाटे हवा दुपारपेक्षा दहा अंशांनी तरी थंड होती. छताचा पंखाही बंद ठेवता आला आणि लॅपटॉप जवळजवळ मुका झाला. एवढी शांतता मिळाली, आणि मावशी गाईना! हात रिकामे असले की ओवी आठवत नाही, हे तिचे म्हणणे. अखेर कोपऱ्यातले जाते आम्ही पुढे ओढले. तिने मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला आणि घरघर सुरू झाली, पंख्यापेक्षा कितीतरी मोठी! त्या घरघरीवर ओवीमागून ओवी येत गेली. दिवस वर येईपर्यंत माझी बोटे थांबली नाहीत.

ते ध्वनिमुद्रण ऐकून घरातली मुले म्हणतात, "मागचा आवाज काढून टाका ना!" त्यासाठीही सॉफ्टवेअर आहे म्हणे. पण मी त्याला जात्याच्या आवाजाला हात लावू दिलेला नाही. पंख्याची घरघर लॅपटॉपची होती. ही ओवीची आहे. ती काढून टाकली, तर मावशीच्या ओवीने ताल कोणाकडे मागायचा?